बाईसाहेबांचे डोळे

"मान जरा डावीकडे. अजून थोडी. हनुवटी खाली. हं, आता अजिबात हलायचं नाही!"

शाळेला फोटो हवा होता आणि पेंटर आपल्या मुलीचा फोटो काढत होता. मुलीला घरात सगळे ठकी म्हणत. ठकीला हे सगळं पाठ होतं. वडिलांनी मोबाइल उचलला की सांगायच्या आधीच ती मान वळवून बसायची. भिंतीवरचे, कपाटातले, आजीच्या उशाशी ठेवलेले, सगळे फोटो असेच, एका बाजूने काढलेले. पाहणाऱ्याला वाटावं, ही मुलगी जन्मापासून खिडकीबाहेर कुणाची तरी वाट बघते आहे.

कारण साधं होतं. ठकीचा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता.

"शाळेनं आधीचा फोटो परत पाठवलाय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "समोरून काढलेला हवा म्हणतात. आणि मी पुन्हा सांगते, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू या."

"वाढत्या वयात होतो आपोआप नीट," पेंटर म्हणाला. "उगाच दवाखान्याच्या चकरा कशाला? चार माणसांत चर्चा होईल ती वेगळीच. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

पेंटर वाईट बाप नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. मुलीच्या केसाला धक्का लागला तर हा माणूस रात्रभर येरझारा घालायचा. पण धंद्याने हाताला एक सवय लावली होती. आयुष्यभर त्याने दुकानांच्या पाट्या आणि मोठमोठ्या लोकांचे चेहरे रंगवले होते. टकलावर केस उगवायचे, दातांतली फट बुजवायची, पोट आत घ्यायचं, हे त्याच्या कुंचल्याला कुणी सांगावं लागत नसे. गिऱ्हाईक खूश, पेंटरही खूश. दोष दिसला की झाकायचा, एवढंच त्याला येत होतं, आणि ते तो फार छान करायचा.

अशा पेंटरला प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी बोलावलं.

दरवाजाजवळची लांबलचक भिंत दाखवत साहेब म्हणाले, "इथे आमची पांढरी वाघीण हवी. बसमधल्या माणसाला ती दिसली की त्यानं इथेच उतरलं पाहिजे! निळेभोर डोळे, सरळ लोकांकडे रोखलेले. आणि शेजारी दोन पांढरी पिल्लं. खाली लिहा, लवकरच येत आहेत."

"पिल्लं झाली का?"

"होतील. भिंतीचं उद्घाटन झालं की तिची जोडी लावायची. पलीकडच्या आवारातला पांढरा वाघ आहेच की."

पेंटरने परांची बांधली, पण आधी वाघीण नीट बघून यावी म्हणून कागद घेऊन आवारापाशी जाऊन बसला. वाघिणीला तिथली माणसं 'बाईसाहेब' म्हणत. का म्हणत ते पेंटरला लगेच कळलं. ती सावलीतून उठली, अंग ताणलं आणि कुणाकडेही न बघता पाण्याकडे चालत गेली. एवढं वजनदार जनावर, पण पावलाचा आवाज नाही. खांद्याची हाडं कातडीखाली आळीपाळीने वर यायची, खाली जायची. अंगावरचे पट्टे काळे नव्हते, कॉफीत दूध जास्त पडावं तसे होते. पोटाकडे ते फिकट होत होत पांढऱ्यात मिसळले होते, आणि एका बाजूचा पट्टा दुसऱ्या बाजूच्या पट्ट्याशी जुळत नव्हता.

"वा! काय काम केलंय!" पेंटर एकटाच मोठ्याने बोलला. कुणी काम केलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग बाईसाहेबांनी तोंड वर केलं आणि समोर पाहिलं. उजवा डोळा पेंटरवर होता. डावा मात्र नाकाकडे वळलेला होता.

पेंटरची पेन्सिल क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. कागदावर उतरले ते दोन्ही डोळे सरळ होते. हाताने त्याला विचारलंसुद्धा नाही.

भिंतीवर वाघीण उभी राहू लागली तशी येणारी-जाणारी माणसं थांबू लागली. डोळे शेवटी रंगवायची पेंटरची पद्धत होती. पण साहेबांना घाई होती, म्हणून या वेळी त्याने ते आधीच उरकले. निळेभोर, पाणीदार, एकदम सरळ. साहेब म्हणाले, "शाबास!" पेंटरची कॉलर ताठ झाली.

तेवढ्यात खालून आवाज आला, "पेंटरदादा, डोळे चुकलेत."

परांचीखाली प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. केस पांढरे, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात औषधाची बादली.

"चुकले नाहीत, सुधारलेत," पेंटर वरूनच म्हणाला. "मी आजवर किती टकलांवर केस लावलेत! एकानंही तक्रार केली नाही."

"टकलावर केस लावले तर फार तर बायको हसेल. इथे जीव जातात. जरा खाली येता का?"

जीव जातात म्हटल्यावर पेंटर उतरला. बाई त्याला आवारापाशी घेऊन गेल्या. बाईसाहेब लाकडी माचाणावर चढायच्या तयारीत होत्या. त्यांनी उडी घेतली, पण पुढचे पंजे फळीच्या अलीकडेच हवेत पडले आणि एवढी देखणी वाघीण छातीवर आपटली. उठली, अंग झटकलं, थोडी थांबली. मग पंजाने फळी चाचपून हळूहळू वर चढली.

"अरेरे! लागलं असेल हो तिला!"

"रोज लागतं. फळी नेमकी कुठे आहे ते तिला कळत नाही," बाई म्हणाल्या. "दादा, पांढरा वाघ ही काही वेगळी जात नाही. साध्याच वाघाच्या पोटी, जंगलात पिढ्यान्‌पिढ्यांत एखादा जन्मतो. ज्या दोषामुळे हा रंग येतो, त्याच दोषामुळे डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाटही चुकते. पण आपल्याला पांढराच हवा! मग एकाच घरातले वाघ एकमेकांशी जोडत बसायचे. ज्याच्याशी हिची जोडी लावणार आहेत, तो कोण आहे माहीत आहे? सख्खा भाऊ."

पेंटरने पलीकडच्या आवाराकडे पाहिलं.

"मागच्या खेपेलाही तोच होता. तीन पिल्लं झाली. एक मेलेलंच आलं. दुसऱ्याचे मागचे पाय खुब्यातूनच वाकडे, ते चार दिवस सरपटलं. तिसऱ्याची टाळू दुभंगलेली. दूध ओढायचं आणि ते नाकातून बाहेर यायचं. माझ्या मांडीवर गेलं ते. आई तिकडे दाराशी हाका मारत होती." बाईंनी बादली खाली ठेवली. "लोकांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना तुमच्या भिंतीवरचे सरळ डोळे दिसतात, आणि ते म्हणतात, वा, आणखी हवेत!"

"मग साहेबांना सांगा ना."

"सांगून घसा बसला. साहेब म्हणतात, लोकांना पांढरे हवेत, पिवळ्यासमोर कोण थांबतं?"

खरंच, शेजारच्या आवारासमोर चिटपाखरू नव्हतं. तिथे साधी वाघीण होती. तिला नावही धड नव्हतं, सगळे 'शेजारीण' म्हणत. पेंटरने पाहिलं तर आवार रिकामं. उंच गवत, एक झुडूप, बस्स.

"कुठे आहे?"

"समोरच बसली आहे. बघा नीट."

पेंटरने पुन्हा पाहिलं. रंगांत जन्म घालवलेला माणूस, पण त्याला दिसेना! मग गवतात एक कान वळला. कानामागचा पांढरा ठिपका आधी दिसला, मग कपाळ, मग एकाएकी अख्खी वाघीण. केशरी, काळी, पांढरी, आणि दोन पिवळे डोळे थेट त्याच्यावर रोखलेले. पेंटर नकळत एक पाऊल मागे सरकला.

"एवढा भडक केशरी रंग आणि मला दिसली नाही?"

"तुम्हाला निदान केशरी तरी दिसतो. हरणाच्या डोळ्याला केशरी आणि हिरवा यातला फरक कळत नाही. आपल्याला पेटलेला वाटतो तो वाघ त्याला गवतच वाटतो. असा रंग आहे तुमच्या डब्यात?"

"नाही हो," पेंटर म्हणाला. "शप्पथ, नाही."

"हा रंग जंगलानं लाखो वर्षं घासून तयार केलाय. आणि आता जंगलंच उरली नाहीत, म्हणून हे वाघ संपत चाललेत. खरी मदत हिच्या जातीला हवी, आणि आपण जागा, अन्न, कौतुक सगळं एका दोषाची पैदास करण्यात घालवतोय."

"पण बाई, भिंत काय माझ्या मालकीची आहे? मला सांगितलं ते मी रंगवणार. माझ्या हातात काय आहे?"

"कुंचला आहे," बाई म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या.

पेंटरला त्यांचा रागच आला. खरं बोलणाऱ्याचा आपल्याला आधी रागच येतो. पिल्लांची जागा खडूने आखून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि बायकोला कामावर जाणं भाग होतं, म्हणून ठकीही वडिलांबरोबर आली. भिंतीकडे न जाता ती आधी आवाराकडेच पळाली. बाईसाहेब काठाशीच बसल्या होत्या. ठकीने कठड्याला नाक लावलं. दोघी एकमेकींकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"बाबा! बाबा, या ना लवकर! हिचा डोळा माझ्यासारखा आहे!"

एवढा आनंद पोरीच्या आवाजात पेंटरने फार दिवसांत ऐकला नव्हता. तो धावत आला. औषध द्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईही तिथेच होत्या.

तेवढ्यात बाईसाहेब उठल्या आणि माचाणापाशी जाऊन पंजाने फळी चाचपू लागल्या.

"तिला फळी कुठे आहे ते कळत नाही," ठकी म्हणाली. "मलापण जिन्यावर तसंच होतं. म्हणून मी कठडा धरते. आणि मैदानात चेंडू येतो ना, तो मला आधी नाकाला लागतो आणि मग दिसतो."

ती हसली. पेंटरला हसू आलं नाही.

"बाळ," डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उजव्या डोळ्यावर हात ठेव बघू. आता ती वाघीण दिसते?"

ठकीने हात ठेवला. "पुसट दिसते. पट्टे नाही दिसत. ह्या डोळ्याला पट्टे नसतातच."

"तू हे घरी सांगितलंस का गं?"

"कुणी विचारलंच नाही."

पेंटरला तिथे उभं राहवेना. "चल, तुला भिंत दाखवतो," असं म्हणून त्याने तिचा हात धरला. पोरीला चित्र आवडेल, म्हणजे आपल्यालाही बरं वाटेल, असा त्याचा हिशेब.

ठकी भिंतीसमोर उभी राहिली. वर पाहिलं, मागे सरकली, पुन्हा पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"बाबा, तुम्ही हिचेपण डोळे सरळ केलेत?"

पेंटरने मान डोलावली.

"मग आता तिला नीट दिसायला लागेल का?"

मंडळी, कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं! पोरीने टोमणा मारला नव्हता. ती खरोखरच विचारत होती. बाबांनी काहीतरी सरळ केलंय, म्हणजे आता दुखणं बरं होणार, असं तिला वाटत होतं. आणि बाबांनी आजवर काय केलं होतं? तिचा डोळा सरळ केला तो फक्त फोटोत. रोज जिन्यावर ती कठडा धरत होती, हे त्या फोटोंनी त्याच्यापासूनच लपवलं होतं. जगाचे डोळे झाकायला गेला आणि स्वतःचेच झाकून बसला!

"नाही गं बाळा," तो कसाबसा म्हणाला. "माझं चुकलं. तुझ्याही बाबतीत चुकलं."

त्याने डबे बंद केले. त्या दिवशी भिंतीला कुंचला लागला नाही. ठकीला खांद्यावर बसवून पेंटर तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला, आणि बायकोला फोन करून म्हणाला, "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. कामावरून सरळ दवाखान्यात ये." बायको धावतच आली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "वळलेला डोळा मेंदूनं वापरायचंच सोडून दिलंय. चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी बांधायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागेल. चष्मा लागेल. पुढे लहानशी शस्त्रक्रियाही करावी लागेल कदाचित. आणखी उशीर केला असतात तर अवघड होतं. याआधी का नाही आणलंत?"

पेंटरने खाली मान घातली. बायकोने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नवऱ्याकडे बघून पुन्हा मिटलं. संसारात असंही कधीकधी पदरात घ्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पेंटर परांचीवर चढला आणि त्याने ते निळेभोर डोळे खरवडून काढले. मग आवारापाशी जाऊन बसला, बराच वेळ बघत राहिला, आणि जसे होते तसे डोळे रंगवले. गंमत अशी की डोळे वळवल्याबरोबर सगळा चेहराच जिवंत झाला. आतापर्यंत भिंतीवर कुठलीतरी वाघीण होती, आता बाईसाहेब आल्या. थोड्याशा गोंधळलेल्या, जरा रागावलेल्या, आणि तरीही राणीसारख्या. पिल्लांची खडूची रेघ त्याने ओल्या फडक्याने पुसली. त्या जागी उंच गवत उगवलं आणि गवतात काय आहे ते चटकन कुणाला दिसू नये म्हणून त्याने केशरी आणि हिरव्याशी जन्मात केली नव्हती एवढी झटापट केली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब आले आणि लालबुंद झाले.

"हे काय केलंत? तिरळी वाघीण? माझी अब्रू घालवता का? आणि पिल्लं कुठे आहेत?"

"पिल्लं तुम्हालाही ठाऊक आहेत कुठे आहेत ती, साहेब," पेंटर परांचीवरून उतरत म्हणाला. "मी तिघांनाही रंगवणार होतो. सरपटणारं, टाळू फाटलेलं आणि मेलेलं. पण लहान मुलं बघायला येतात म्हणून गवत रंगवलं."

"लोक पैसे देऊन तिरळी वाघीण बघायला येणार?"

"ते रोज तिलाच बघतात, साहेब. फक्त आपण त्यांना दिसू देत नाही."

"चुना मारा त्या भिंतीवर! आत्ताच्या आत्ता!"

आरडाओरडा ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. फिरायला आलेली माणसं थांबली. दुपारी वडिलांचा डबा घेऊन आईबरोबर आलेली ठकीही त्यांत होती, उजव्या डोळ्यावर पट्टी, नाकावर नवा चष्मा. गर्दीतल्या एका आजोबांनी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "काय हो, हिचा डोळा असा का काढला?"

साहेब काही बोलायच्या आधी ठकीने उत्तर दिलं. "तिचा खराच तसा आहे. तिला फळी दिसत नाही म्हणून ती पडते. तिला पट्टी बांधून बरं नाही होणार, इथल्या डॉक्टरमावशी म्हणाल्या. पण तिच्या पिल्लांना असं होऊ नये म्हणून तिला पिल्लंच नाही होऊ द्यायची. आता जेवढी आहे तेवढी तिला मजेत ठेवायची!"

कुणी हसलं नाही. एक बाई हळूच म्हणाल्या, "बिचारी! आणि आम्ही मागच्या वेळी तिला खडे मारून उठवत होतो."

"ए, गवतात कोणीतरी आहे!" मागून एक मूल ओरडलं. "तो बघ कान! वाघ आहे! अगं आई, केवढा मोठा वाघ आहे!" आणि मग शेजारीण ज्याला त्याला एकदम दिसू लागली, माणसं एकमेकांना बोटाने दाखवू लागली, आणि काही जण तर खरी कुठे आहे विचारत तिच्या आवाराकडे पळाले. ज्या आवारासमोर चिटपाखरू नसायचं, तिथे रेटारेटी!

साहेब मात्र भिंतीकडेच बघत होते. राग कुठल्या कुठे गेला होता.

"बाई," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "त्या शेवटच्या पिल्लाच्या वेळी मी दाराबाहेर उभा होतो. आत यायची हिंमत झाली नाही. वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं, पिल्लं झालीच नाहीत." त्यांनी चित्राकडे बोट केलं. "ही आपली बाईसाहेबच आहे हो. इतक्या वर्षांत इतकी चित्रं काढून घेतली, पण तिच्यासारखी एकही नव्हती."

"मग चुना मारायचा का साहेब?" पेंटरने विचारलं.

"खबरदार हात लावलात तर! खाली 'लवकरच येत आहेत' लिहू नका. तिथे डॉक्टरीणबाई सांगतील ते लिहा. जोडी लागणार नाही. आणि तिचं माचाण खाली घ्या, तिचा पाय पोचेल एवढं खाली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. तो काही खराब झाला नव्हता.

उद्घाटन थाटात झालं. माणसं नेहमीपेक्षा कमी नव्हती, जास्तच होती. बाईसाहेब बुटक्या माचाणावर आरामात पहुडल्या होत्या, उन्हात पोट वर करून, जगाची फिकीर नसल्यासारख्या. इतकं देखणं जनावर, आणि आता पडायची भीती नाही!

बंधुभगिनींनो, आपणही आपापल्या घरी अशीच भिंत रंगवत असतो. मुलाचं दुखणं, घरातलं व्यसन, आपल्या हौसेपायी मुक्या जिवांचे होणारे हाल, सगळ्यावर छानसा रंग मारतो आणि म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण झाकलेला दोष बरा होत नाही, तो मुठीतल्या मुठीत वाढत राहतो. उघड्या डोळ्यांनी पाहिला तरच त्यावर औषध सापडतं. आणि वाघ खरोखर आवडत असेल तर तो आपल्याला हवा तसा घडवू नका. तो जसा आहे तसा जगेल, एवढं जंगल त्याला ठेवा.

गर्दी ओसरल्यावर पेंटरने मोबाइल काढला. शाळेचा फोटो अजून राहिलाच होता. "ठकी, उभी राहा बघू भिंतीपाशी. पट्टी काढ क्षणभर."

ठकी बाईसाहेबांच्या पंजाशी उभी राहिली आणि सवयीने मान डावीकडे वळवली.

"तिकडे नाही गं," तिचे बाबा म्हणाले. "समोर बघ."